कुलाब्याहून अलिबागला : वेधशाळेची दोनशे वर्षे

मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ सोडून पुढे आले की गडब-डोलवीचा पोलाद कारखाना दिसू लागतो. रायगड जिल्ह्याच्या उद्योगाची ही आजची मोठी खूण. येथून अलिबाग पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे आणि तेथे समुद्रकिनाऱ्याजवळ अशी एक वास्तू उभी आहे की जिच्या बांधकामात लोखंडाचा खिळासुद्धा वर्ज्य मानला गेला. ती अलिबागची चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीचे चुंबकत्व क्षणोक्षणी कसे बदलते याची नोंद ही वेधशाळा १९०४ पासून ठेवत आली आहे. तिची मातृसंस्था म्हणजे मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली उभी राहिली. २०२६ साली या परंपरेला दोनशे वर्षे होत आहेत.

पृथ्वीचे चुंबकीय बल आपल्या भागात सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला असते. हा आकडा स्थिर नसतो. सूर्याच्या किरणांनी शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवरची हवा विद्युतभारित होते, तेथे प्रवाह वाहू लागतात आणि दिवसभरात जमिनीवरच्या मापात काही दशक नॅनोटेस्लांचा चढउतार होतो. सूर्यावर उद्रेक झाला आणि त्याचा झोत पृथ्वीवर आदळला तर हा फरक काही शेकड्यांवर जातो. त्याला चुंबकीय वादळ म्हणतात. पृथ्वीच्या गाभ्यातील वितळलेल्या लोहाच्या हालचालीमुळे याहून संथ बदल होत राहतात. ते लक्षात यायला दशके लागतात. अशा अभ्यासात एका दिवसाच्या मापाला फारसा अर्थ नसतो. एकाच ठिकाणी, एकाच शिस्तीने, पिढ्यान्‌पिढ्या घेतलेल्या नोंदींना अर्थ असतो. या संस्थेची खरी कमाई तीच आहे.

१८२६ ते १८४० : बंदराच्या गरजेतून

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या कुलाबा बेटावर वेधशाळा बांधली ती बंदराच्या गरजेसाठी. भर समुद्रात जहाजाचे रेखांश काढायचे तर जहाजावरचे घड्याळ अचूक हवे, आणि ते लावून घ्यायचे तर बंदरात ताऱ्यांच्या वेधांवरून ठरवलेली खात्रीची वेळ हवी. वेळ आणि खगोल हे पहिले काम होते. सुरुवातीच्या वर्षांत उपकरणे, इमारत आणि माणसे यांची घडी बसायला वेळ लागला. नव्या संस्थेच्या वाट्याला येणाऱ्या अडचणी या वेधशाळेच्याही वाट्याला आल्या, पण वास्तू टिकली आणि पुढच्या कामाचा पाया घातला गेला.

१८४१ ते १८५० : चुंबकीय नोंदींचा आरंभ

त्याच सुमारास युरोपात गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे जगभर एकाच वेळी घेण्याची चळवळ उभी केली होती. हंबोल्टने तिचा पाठपुरावा केला आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी साम्राज्यभर वेधशाळा मागितल्या. कंपनीने सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई येथे हे काम हाती घेतले. बाकीच्या ठिकाणी ते थोड्याफार वर्षांत थांबले. मुंबईत १८४१ साली सुरू झालेले काम मात्र आजतागायत चालू आहे.

हे काम एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली सुरू झाले, आणि पहिल्याच फळीत मराठी माणसे होती. ‘दर्पण’चे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ वेधशाळेची सूत्रे होती. १८३२ साली मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारा हा विद्वान गणित आणि खगोल यांतही तितकाच निष्णात होता. ऑर्लिबार यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण छत्रे तरुण वयातच सहायक म्हणून रुजू झाले. केरोपंत अलिबागजवळच्या नागावचे. पुढे ते पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला आणि लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. वेध घेणे, आकडे पडताळणे, चूक शोधून काढणे हे शिक्षण त्यांना कुलाब्यात मिळाले.

१८४६ पासून नोंदी तासातासाने नियमित होऊ लागल्या. धाग्याला टांगलेल्या चुंबकाची हालचाल दुर्बिणीतून पाहायची आणि आकडा वहीत लिहायचा, दिवसा आणि रात्रीही. हे काम निरीक्षक आणि सहायक पाळीपाळीने करत. त्यातल्या बहुतेकांची नावे इतिहासात आली नाहीत, पण त्यांनी लिहिलेले आकडे आले.

१८५१ ते १८७० : १८५९चे महावादळ

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत असताना डागांच्या जागी त्यांना अचानक तेजस्वी झळाळी दिसली. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळले. अमेरिकेत आणि युरोपात तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, आणि एरवी ध्रुवांजवळ आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, म्हणजे अरोरा, क्यूबापर्यंत दिसला.

२ सप्टेंबरला कुलाब्यातील निरीक्षक नेहमीप्रमाणे कामावर होते. सुई अशांत झाली की तासाभराच्या अंतराने होणारी नोंद काही मिनिटांवर आणायची, असा तेथला दंडक होता. तो त्यांनी पाळला. त्या दिवशी क्षैतिज, म्हणजे जमिनीला समांतर असलेले, बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे एकूण बलाच्या सुमारे चार टक्क्यांनी खाली आले. जगात इतरत्र अनेक ठिकाणी उपकरणांची मोजपट्टीच अपुरी पडली. इतक्या खालच्या अक्षांशावरून त्या वादळाची सलग नोंद मुंबईतून मिळाली. तिचे मोल कळायला जवळजवळ दीड शतक जावे लागले.

१८६५ साली चार्ल्स चेंबर्स संचालक झाले आणि पुढे तीन दशके त्यांनी संस्था सांभाळली.

१८७१ ते १९०० : छायाचित्रण, भूकंप आणि पहिले भारतीय संचालक

या काळातला मोठा बदल म्हणजे छायाचित्रणाने आपोआप होणारी नोंद. चुंबकाला बारीक आरसा जोडलेला असे. त्यावर पडलेला प्रकाशाचा कवडसा घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या दंडगोलावरच्या संवेदी कागदावर रेघ उमटवी. रोज अंधाऱ्या खोलीत कागद बदलायचा, धुवायचा, सुकवायचा आणि रेघेचे आकड्यांत रूपांतर करायचे. निरीक्षकाचे डोळे पापणी न लवता जे पाहू शकत नव्हते, ते आता कागद पाहू लागला.

१८९६ साली डॉ. नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस हे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबईत प्लेगने थैमान मांडले. शहरावर असे संकट असताना मूस यांनी वेधशाळेचे काम वाढवले. १८९८ साली कुलाब्यात मिल्न बनावटीचा भूकंपमापक बसला. भारतातील भूकंपनोंदीच्या आरंभकाळातले हे एक केंद्र ठरले.

१९०१ ते १९१० : अलिबागची निवड

मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४ पासून धावत होत्या. नव्या शतकाच्या तोंडावर त्या विजेवर चालवायचे ठरले. ट्रामची वीज एकाच दिशेने वाहणारी असते, ती रुळांतून परतते आणि वाटेत जमिनीत झिरपते. प्रत्येक ट्राम सुटताना आणि थांबताना जमिनीतला हा प्रवाह बदलतो आणि जवळची चुंबकसुई हलते. सूर्याने हलवलेली सुई आणि ट्रामने हलवलेली सुई यांत मग फरक करता येत नाही. साठ वर्षांची साखळी तुटण्याची वेळ आली होती.

मूस यांनी नव्या जागेचा शोध घेतला. जागा मुंबईपासून फार दूर नको, कारण जुन्या आणि नव्या नोंदी जोडता आल्या पाहिजेत. आणि फार जवळही नको. त्या काळी अलिबागला जायचे म्हणजे रेवस किंवा धरमतरपर्यंत बोटीने आणि पुढे रस्त्याने. रेल्वे नाही, ट्राम नाही, कारखाना नाही. मुंबईच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेले, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण पसंत पडले.

इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला गेला, कारण कोकणातल्या काळ्या दगडात चुंबकीय खनिजे असतात. जोडकामाला तांबे आणि पितळ वापरले. आतले तापमान जवळजवळ स्थिर राहील अशी रचना केली, कारण उष्णतेने चुंबकाची शक्ती बदलते. बदल नोंदवणारी उपकरणे एका इमारतीत आणि प्रत्यक्ष मापे घेण्याची सोय दुसरीत, अशी व्यवस्था झाली. आत जाणाऱ्याने किल्ल्या, पट्टा, घड्याळ असे लोखंडाचे सारे बाहेर काढून ठेवायचे, हा नियम येथे पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला.

१९०४ साली अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या. मूस यांची दूरदृष्टी अशी की कुलाब्याचे काम त्यांनी लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यामुळे दोन जागांमधला फरक नेमका कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता आली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा वेधशाळा सुरक्षित होती. कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी मूस यांनी दोन मोठ्या खंडांत १९१० साली प्रसिद्ध केल्या. हाताने केलेल्या लक्षावधी आकडेमोडींचे ते फळ होते आणि त्यामागे कार्यालयातल्या सर्व गणकांचे श्रम होते.

१९११ ते १९५० : अखंड नोंद

या चार दशकांत दोन महायुद्धे झाली आणि देश स्वतंत्र झाला. वेधशाळा हवामान खात्याच्या छत्राखाली होती. मूस १९१९ साली निवृत्त झाले, पुढे डॉ. सुधांशुकुमार बॅनर्जी यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी धुरा वाहिली. अलिबागला या काळात मोठे समारंभ झाले नाहीत, मोठ्या घोषणा झाल्या नाहीत. पावसाळ्यात बोटी बंद असत, सामान वेळेवर येत नसे, खाऱ्या हवेने धातू गंजत. तरीही रोजचा कागद रोज बदलला गेला. निरीक्षक, यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर, शिपाई आणि पहारेकरी अशा सर्वांनी मिळून हे साधले, आणि त्याचे श्रेय सर्वांचे आहे.

१९५१ ते १९७० : दक्षिणेकडे विस्तार

जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्ष म्हणून साजरे झाले. भारतासाठी त्याला वेगळे महत्त्व होते. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि त्याच्या वर, शंभरेक किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा अरुंद पण प्रबळ प्रवाह वाहतो. त्याच्या अभ्यासासाठी त्रिवेंद्रम आणि अण्णामलैनगर येथे नव्या चुंबकीय वेधशाळा सुरू झाल्या. प्रवाहाच्या जवळची नोंद तिकडे आणि प्रवाहापासून दूरची नोंद अलिबागला. दोन्ही शेजारी ठेवल्यावरच त्याचे बळ मोजता येते. याच प्रवाहाच्या ओढीने डॉ. विक्रम साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाणांसाठी थुंबा निवडले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. भारताच्या अवकाश कार्यक्रमाच्या जन्मकथेत चुंबकीय वेधशाळांचा असा वाटा आहे.

१९७१ ते १९९० : स्वायत्त संस्था

१९७१ साली कुलाबा आणि अलिबाग या वेधशाळा हवामान खात्यातून वेगळ्या होऊन ‘भारतीय भूचुंबकत्व संस्था’ ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. डॉ. बी. एन. भार्गव हे तिचे पहिले संचालक. नोंदी घेणाऱ्या वेधशाळेला आता संशोधन संस्थेची जोड मिळाली. देशभर नव्या वेधशाळांचे जाळे उभे राहू लागले, अंटार्क्टिकावरच्या भारतीय तळांवर संस्थेचे शास्त्रज्ञ जाऊ लागले आणि जागतिक भूचुंबकीय विदा केंद्राचे मुंबईतील काम संस्थेकडे आले.

याच सुमारास मोजमापाची पद्धतही बदलत गेली. प्रोटॉन चुंबकमापी या उपकरणात पाण्यासारख्या द्रवातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना क्षणभर चुंबकाने एका दिशेला वळवतात आणि सोडून देतात. ती पृथ्वीच्या चुंबकीय बलाभोवती भोवऱ्यासारखी डोलू लागतात. आपल्या भागात हे डोलणे सेकंदाला सुमारे १७०० वेळा होते, आणि ते मोजले की बल कळते. रुग्णालयातले एमआरआय यंत्र याच तत्त्वावर चालते. तेथे चुंबक १.५ टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या बलाच्या सुमारे ३७ हजार पट असतो आणि आपल्या शरीरातल्या पाण्याचीच अणुकेंद्रे सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा डोलतात. मेंदूतली गाठ शोधणारे यंत्र आणि पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारे यंत्र ही एकाच विज्ञानाची दोन रूपे आहेत.

१३ मार्च १९८९ रोजी चुंबकीय वादळाने कॅनडाच्या क्यूबेक प्रांताचे वीजजाळे बंद पाडले. ६० लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात होते. तेव्हापासून हा विषय केवळ अभ्यासकांपुरता उरला नाही.

१९९१ ते २०१० : कागदावरून संगणकावर

कागदावरच्या रेघांची जागा अंकीय नोंदींनी घेतली. फ्लक्सगेट चुंबकमापी दर सेकंदाचा बदल टिपू लागले आणि अलिबागची माहिती जगभरच्या वेधशाळांच्या ‘इंटरमॅग्नेट’ या जाळ्यात जाऊ लागली. संस्थेचे मुख्यालय कुलाब्याहून नवीन पनवेलला आले. मूळ मुंबईची ही संस्था आता मुख्यालय आणि वेधशाळा यांसह आपल्या रायगड जिल्ह्याची झाली.

२००३ साली १८५९च्या त्या वहीचे भाग्य उजळले. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेस, संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. गुरबक्ष लखिना आणि डॉ. शोभना अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅरिंग्टनच्या वादळाची तीव्रता ठरवण्यासाठी जगाने मुंबईच्या आकड्यांकडे पाहिले. तासाच्या सरासरीने पाहिल्यास आकडा किती धरावा, यावर शास्त्रज्ञांत चर्चा झाली आणि ती पुढेही चालू राहिली. पण त्या चर्चेचा आधार कुलाब्याची नोंद हाच होता. अलीकडे परदेशी आणि भारतीय अभ्यासकांनी जुन्या वार्षिक अंकांतून त्या दिवसांतले चुंबकीय बलाचे तिन्ही घटक पुन्हा उभे केले आहेत.

२०११ ते आज : अवकाश हवामानाचे युग

आज चुंबकीय वादळाचे परिणाम घरापर्यंत पोचतात. उपग्रहाकडून येणारा दिशादर्शनाचा संदेश आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरातून, येतो. तेथे खळबळ झाली की विमानाला, बोटीला, मोबाइलच्या नकाशाला चुकीचे ठिकाण दिसू शकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये वादळाने वरचे वातावरण फुगले आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे ४९ पैकी सुमारे ३८ उपग्रह खाली येऊन नष्ट झाले. १० आणि ११ मे २०२४च्या वादळात लडाखमधील हान्ले येथे आकाश लाल झालेले दिसले. दोन दशकांतले ते सर्वांत तीव्र वादळ होते.

सूर्यावर पहारा ठेवण्यासाठी इस्रोने ‘आदित्य-एल१’ पाठवला. जानेवारी २०२४ मध्ये तो पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या कक्षेत स्थिरावला. त्याचे उड्डाण झाले ते २ सप्टेंबर २०२३ रोजी, कुलाब्यातल्या १८५९च्या त्या नोंदीला बरोबर १६४ वर्षे झाली त्या दिवशी. सूर्याकडून निघालेला झोत वाटेत उपग्रह ओळखतो. पृथ्वीवर त्याने प्रत्यक्ष काय केले हे अलिबागसारखी वेधशाळा सांगते. युरोपचे ‘स्वार्म’ उपग्रह २०१३ पासून आकाशातून चुंबकत्व मोजत आहेत, तरी त्यांच्या मापांना जमिनीवरच्या स्थिर वेधशाळांची जोड लागतेच. आपल्या मोबाइलमधले होकायंत्र ज्या जागतिक चुंबकीय प्रारूपावर चालते ते दर पाच वर्षांनी नवे करावे लागते. २०२५ची आवृत्ती आता वापरात आहे. वादळांचे भाकीत करण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग होऊ लागला आहे, आणि या पद्धतीला शिकवण्यासाठी सर्वांत मोलाची सामग्री म्हणजे दीर्घ, सलग, विश्वासार्ह जुन्या नोंदी. जगात अशा नोंदी मोजक्या ठिकाणी आहेत. त्यांतले एक ठिकाण आपले आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले तेव्हा सारा जिल्हा हादरला. किनाऱ्यावरची वेधशाळा चालवणे हे किती जबाबदारीचे काम आहे, याची आठवण अशा प्रसंगी होते. जिल्हा झपाट्याने बदलत आहे. पोलाद, रसायने, रुंद रस्ते, पेण-रोहा मार्गावरची वाढती रेल्वे वाहतूक, अलिबागभोवती उभ्या राहणाऱ्या इमारती हे सर्व आपल्या रोजगाराचे आणि सोयीचे आहे. त्याचबरोबर वेधशाळेच्या लगतचा परिसर लोखंड, जड वाहने आणि भूमिगत वीजवाहिन्या यांपासून मोकळा राहिला पाहिजे. १९०४ साली मूस यांना मुंबई सोडून अलिबागला येता आले. आज पुन्हा जागा बदलायची वेळ आली तर एवढी शांत जागा कोकणात शोधणे सोपे जाणार नाही.

म्हणून जिल्हा प्रशासन, नगरपरिषद आणि नागरिक यांना विनंती आहे की विकासाचे आराखडे करताना या वास्तूभोवतीची शांतता कागदावरही आणि प्रत्यक्षातही राखावी. गडब, पेण, नागोठणे, रोहा येथील शाळांनी रीतसर परवानगी घेऊन विद्यार्थ्यांना वेधशाळा दाखवावी, आणि केरोपंत छत्रे व बाळशास्त्री जांभेकर ज्या कामात घडले ते काम आज आपल्याच जिल्ह्यात चालते हे त्यांना सांगावे. १८४१पासून ज्या ज्ञात-अज्ञात कर्मचाऱ्यांनी ही नोंद तुटू दिली नाही त्यांना आमचे वंदन. ती यापुढेही तुटू नये, ही जबाबदारी आता आपली आहे.